फी माफ करायला सीईटी कशाला?

मा. उच्च व तंत्रशिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई



अभियांत्रिकीच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेत, म्हणजे ‘कॅप’मध्ये, ऑप्शन फॉर्म भरायला बसले की प्रत्येक कॉलेजच्या प्रत्येक शाखेपुढे एक लांबलचक चॉइस कोड दिसतो. काही कोडांच्या शेवटी इंग्रजीतला ‘टी’ असतो. ती जागा टीएफडब्ल्यूएसची, शिक्षण शुल्क माफीची. एआयसीटीईच्या नियमाप्रमाणे मंजूर जागांवर पाच टक्के जादा जागा भरायच्या, पालकांचे वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत असले पाहिजे आणि त्या विद्यार्थ्याकडून शिक्षण शुल्क घ्यायचे नाही. साठ जागांच्या शाखेत अशा तीन जागा निघतात. आता कोणत्याही वर्षाची कटऑफ यादी उघडून ‘टी’ असलेला कोड आणि नसलेला कोड शेजारी ठेवून पाहा. मागणी असलेल्या बहुतेक कॉलेजांत फीमाफीच्या जागेचा पर्सेंटाइल पूर्ण फी भरणाऱ्या जागेपेक्षा वर असतो. एकाच वर्गात, एकाच बाकावर बसायचे, तर ज्याच्याकडे पैसे आहेत त्याचे कमी गुणांत भागते आणि ज्याच्याकडे नाहीत त्याने जास्त आणायचे. कुणी वाईट हेतूने हे ठरवले असे मी म्हणत नाही. थोड्या जागा, भरपूर अर्जदार आणि क्रम लावायला एकच आकडा, एवढ्यातून ते आपोआप घडते. म्हणूनच कुणाला त्यात काही खटकत नाही.

माझे म्हणणे एवढेच आहे : प्रवेश कुणाला द्यायचा आणि पैसे कुणाला द्यायचे, हे दोन निर्णय वेगळे करा. प्रवेशासाठी सीईटी, म्हणजे सामाईक प्रवेश परीक्षा, असावी की नसावी हा वाद मोठा आहे आणि या पत्रात मी त्यात शिरत नाही. मात्र गुणवत्तेच्या नावाने मिळणारी फीमाफी आणि शिष्यवृत्ती सीईटीच्या पर्सेंटाइलवर वाटू नका. ती विद्यार्थ्याच्या स्वतःच्या शाळा-कॉलेजातल्या बोर्डाच्या क्रमावर आणि घरच्या उत्पन्नावर वाटा. आज उलट चालले आहे. व्यावसायिक अभ्यासक्रमांत राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीसाठी विद्यार्थी कॅपमधून आलेला असावा लागतो आणि कॅपचा दरवाजा सीईटीचा आहे. जुलै २०२४ मध्ये आपल्या सरकारने आठ लाखांच्या आतल्या घरांतील मुलींचे शुल्क पूर्ण माफ केले. निर्णय चांगलाच होता. पण अट तीच राहिली. त्याच वर्षापासून बीबीए, बीसीए, बीएमएस यांनाही सीईटी लागली. म्हणजे एकेक करून जवळजवळ सगळे व्यावसायिक शिक्षण सीईटीच्या मागे उभे राहिले आणि त्याच्या पाठोपाठ मदतीचे पैसेही.

अभियांत्रिकीची सीईटी मोजते तरी काय? पीसीएम गटात भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्राचे मिळून १०० प्रश्न, त्यांना ९० मिनिटे. म्हणजे एका प्रश्नाला ५४ सेकंद. गणिताचे ५० प्रश्न, त्यांना आणखी ९० मिनिटे. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. अशा परीक्षेत विषय येणे पुरेसे नसते, तो घड्याळाच्या तालावर यावा लागतो. आणि ताल सरावाने बसतो. सराव म्हणजे टेस्ट सिरीज, क्रॅश कोर्स, लागले तर एक वर्ष थांबून रिपीटर बॅच. हे सगळे नागपूर, लातूर, नांदेड, पुण्यात विकत मिळते. कारंजा घाडगे, आष्टी किंवा समुद्रपूर तालुक्यातल्या मुलीला ते हवे असेल तर खोली भाड्याने घ्यावी लागते किंवा ते सोडून द्यावे लागते. भाषेचाही प्रश्न आहे. भौतिक आणि रसायनशास्त्राची प्रश्नपत्रिका मराठीत मिळते, गणिताची फक्त इंग्रजीत. दहावीपर्यंत मराठीतून गणित शिकलेल्या मुलांना दोन वर्षांत इंग्रजी गणिताचा वेग कमवायचा असतो. कमावणारी मुले आहेत, त्यांचे कौतुकच आहे. पण न कमावलेल्या मुलांना गणित येत नव्हते, असा निष्कर्ष कोणत्या आधारावर काढायचा?

यात आठ लाखांची मर्यादा आणखी गोंधळ घालते. वर्षाला आठ लाख म्हणजे महिन्याला साधारण ६६ हजार. नागपुरात दोन पगार मिळून तेवढ्यात राहणारे घर आणि देवळी-सेलूकडे चार एकर कोरडवाहूत कापूस-तूर घेणारे घर, हे दोन्ही कागदोपत्री एकाच रांगेत उभे आहेत. दोघांकडे तहसीलदाराच्या सहीचा उत्पन्नाचा दाखला आहे, महाडीबीटी या सरकारी शिष्यवृत्ती पोर्टलच्या पडद्यावर दोघांत फरक दिसत नाही. मग क्रम लावायला उरतो तो फक्त पर्सेंटाइल. शहरातल्या घराला दीड-दोन वर्षे क्लासची फी भरणे जड जाते, पण जमते. कोरडवाहू घराला ते जमत नाही. तीन फीमाफीच्या जागा कुणाकडे जातील, हे सांगायला अभ्यासगटाची गरज नाही.

सीईटीच्या बाजूने बोलणारे म्हणतात, आकडा खोटे बोलत नाही. आकडा बोलतो तेवढा बारकावा त्याच्यात असतो का, हे पाहायला हवे. परीक्षा अनेक सत्रांत होते, प्रत्येक सत्राची प्रश्नपत्रिका वेगळी, आणि गुणांचे पर्सेंटाइल करून सगळ्यांना एका यादीत बसवले जाते. चार लाखांहून जास्त मुले परीक्षा देतात, त्यामुळे ०.१ पर्सेंटाइलच्या फरकात चारशेहून अधिक मुले सामावतात. ही चारशे मुले एक किंवा दोन प्रश्नांनी मागेपुढे होतात, आणि त्या एका-दोन प्रश्नांवर चार वर्षांचे शुल्क ठरते. गेल्या वर्षी, २०२५ मध्ये, २७ एप्रिलच्या एका सत्रात गणिताच्या २१ प्रश्नांत चुका निघाल्या आणि ५ मे रोजी त्या मुलांची फेरपरीक्षा घ्यावी लागली. पैशासाठीच घेतलेल्या परीक्षेचा अनुभव तर याहून कडू आहे. बार्टी, सारथी आणि महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांच्या पीएचडी अधिछात्रवृत्तीसाठी २४ डिसेंबर २०२३ ला एकत्र सीईटी झाली. तिची प्रश्नपत्रिका २०१९ च्या सेट परीक्षेची निघाली. ती परीक्षा रद्द करून १० जानेवारी २०२४ ला पुन्हा घेतली, तेव्हा सील नसलेल्या पाकिटांवरून गोंधळ झाला आणि पुण्या-नागपुरात विद्यार्थी बाहेर पडले. संशोधनासाठी महिन्याचे पैसे द्यायचे होते, आणि त्यासाठी बहुपर्यायी प्रश्नांची पत्रिका काढायचे कुणाच्या तरी डोक्यात आले, इथेच मूळ चूक आहे.

वेगळ्या प्रवेश परीक्षेशिवाय गुणवत्ता ओळखणे या देशात नवे नाही. केंद्र सरकारची महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसाठीची शिष्यवृत्ती गेली अनेक वर्षे बारावीच्या निकालावर दिली जाते. वर्षाला ८२ हजार नव्या शिष्यवृत्त्या, त्यातल्या निम्म्या मुलींना, विज्ञान, वाणिज्य आणि कला यांचे ठरलेले प्रमाण, आणि पात्रतेची अट अशी की विद्यार्थी आपल्याच बोर्डाच्या वरच्या वीस पर्सेंटाइलमध्ये असावा. महाराष्ट्राच्या मुलाची तुलना सीबीएसईच्या मुलाशी होत नाही, आपल्याच बोर्डातल्या मुलांशी होते. कच्च्या गुणांऐवजी आपल्या गटातले स्थान पाहायचे, हे तत्त्व दिल्लीने मान्य केलेले आहे. मी मागतो आहे ते त्याच तत्त्वाचे पुढचे पाऊल. बोर्डावरून ज्युनिअर कॉलेजपर्यंत खाली या.

इथे नेहमीचा आक्षेप येतो : वासरांत लंगडी गाय शहाणी. एखाद्या आडगावच्या कॉलेजात पहिली आलेली मुलगी नागपूरच्या नामांकित कॉलेजातल्या पन्नासाव्या मुलापेक्षा हुशार कशावरून? ती तशी आहेच, असा माझा दावा नाही. माझा दावा असा आहे की जे मिळाले त्यात तिने सगळ्यांत जास्त केले, आणि पुढच्या चार वर्षांत ती काय करेल याचा हा चांगला अंदाज आहे. यासाठी अमेरिकेतला पुरावा उपयोगी पडतो, कारण तिथे हा प्रयोग मोठ्या प्रमाणावर झाला. कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या सुमारे ८० हजार विद्यार्थ्यांवर सॉल गायझर आणि मारिया व्हेरोनिका सांतेलिसेस यांनी २००७ मध्ये अभ्यास मांडला. चार वर्षांनंतरच्या यशाचा अंदाज प्रमाणित चाचणीपेक्षा शाळेतल्या गुणांनी अधिक चांगला बांधता येतो, असे त्यांना दिसले. टेक्सास राज्याने १९९७ मध्ये कायदा करून प्रत्येक शाळेच्या वरच्या दहा टक्के मुलांना सरकारी विद्यापीठांत प्रवेश दिला, मग शाळा ह्यूस्टनच्या श्रीमंत भागातली असो की सीमेवरच्या गावातली. १९९९ मध्ये ऑस्टिनच्या विद्यापीठाने गरीब वस्त्यांतल्या निवडक शाळांतल्या अशा मुलांसाठी ‘लाँगहॉर्न ऑपर्च्युनिटी’ ही शिष्यवृत्ती काढली. पुढे अर्थशास्त्रज्ञांनी या मुलांचा माग काढला तेव्हा पदवी आणि नंतरची कमाई, दोन्हींत फायदा दिसला. टेक्सास ए अँड एम विद्यापीठाच्या तशाच योजनेत मात्र तो तसा दिसला नाही. ऑस्टिनने पैशाबरोबर लहान वर्ग, शिकवणीची मदत आणि मार्गदर्शक दिले होते. ही गोष्ट आपण लक्षात ठेवण्यासारखी आहे. नुसती फी माफ करून काम संपत नाही.

शिवाय आपल्याकडे लंगड्या गाईची भीती मुळातच गैरलागू आहे. मी सुचवतो त्या पद्धतीत ती मुलगी प्रवेशाची पायरी ओलांडूनच आत आलेली असेल. कॉलेजने तिला पात्र मानले, जागा दिली. प्रश्न उरतो तो एवढाच की तिची फी कोण भरणार. तिथे तिच्या पर्सेंटाइलला दुसऱ्यांदा विचारण्याचे कारण काय?

याच अमेरिकेतून उलटा पुरावाही दाखवला जातो आणि तो टाळणे बरे नाही. एमआयटी या विद्यापीठाने २०२२ मध्ये आणि डार्टमथ कॉलेजने फेब्रुवारी २०२४ मध्ये प्रवेशासाठी प्रमाणित चाचणी पुन्हा सक्तीची केली. चाचणी नसेल तर गरीब घरातली हुशार मुले आम्हाला ओळखता येत नाहीत, असे त्यांचे म्हणणे. पण डार्टमथचा युक्तिवाद नीट वाचला तर तो माझ्या बाजूचा निघतो. विद्यार्थ्याचा गुण त्याच्या शाळेच्या संदर्भात पाहायचा, असे ते सांगतात. ज्या शाळेत बहुतेक मुले खूप खाली आहेत तिथला मध्यम वाटणारा आकडासुद्धा मोठी कामगिरी असू शकते. आपली कॅपची यादी नेमके हेच करत नाही. तिला शाळा दिसत नाही, गाव दिसत नाही, माध्यम दिसत नाही. आपण चाचणी आणली, पण तिच्यासोबत यायला हवा होता तो संदर्भ दारातच ठेवून आलो. तमिळनाडूत न्या. ए. के. राजन समितीने २०२१ मध्ये नीटबद्दल जे मांडले ते याच जातीचे होते : तमिळ माध्यमाची मुले घटली, पुन्हा परीक्षा देणारी वाढली. समिती नीटविरोधी सरकारने नेमली होती, हे खरे. म्हणून तिचे निष्कर्ष तपासून घ्यावेत. पण ते तपासायला महाराष्ट्राने स्वतःचे आकडे तरी बाहेर काढले पाहिजेत.

खरा अवघड आक्षेप बोर्डाच्या गुणांबद्दलचा आहे. कॉपी होते. विज्ञानाच्या १०० पैकी ३० गुण प्रात्यक्षिकाचे, ते कॉलेजच्या हातात. २०२१ मध्ये लेखी परीक्षा न घेता अंतर्गत मूल्यमापनावर निकाल लावला तर बारावीचा ९९.६३ आणि दहावीचा ९९.९५ टक्के लागला. शाळांच्या हातात सगळे दिले तर काय होते, याचे याहून ठळक उदाहरण नको. म्हणूनच मी कच्चे गुण मागत नाही, क्रम मागतो आहे. कॉलेजने सगळ्यांना प्रात्यक्षिकात ३० पैकी २९ वाटले तरी पहिला पहिलाच राहतो आणि दहावा दहावाच. गुण फुगवून एका कॉलेजला दुसऱ्याच्या पुढे जाता येत नाही, कारण स्पर्धा कॉलेजाच्या आतली असते. क्रम फक्त बोर्डाच्या लेखी परीक्षेवर लावला तर राहिलेली फटही बुजते. सामूहिक कॉपी झाली तर तिचा फायदा सगळ्यांनाच होतो. तिच्यामुळे क्रम थोडाफार ढवळला जातो, हे मान्य. पण ते केंद्र पकडायचे काम बोर्डाचे आहे आणि ते शिष्यवृत्ती असो नसो, करावेच लागणार.

या बाबतीत आम्हा वर्धेकरांच्या हाती एक जुना कागदही आहे. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्यात राष्ट्रीय शिक्षण परिषद भरली आणि तिने डॉ. झाकिर हुसेन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिने मांडलेली नई तालीम म्हणजे टकळी आणि सूत, एवढेच बहुतेकांच्या लक्षात राहिले. पण त्या समितीने परीक्षांवरही कडक शब्दांत लिहिले होते. प्रत्येक मुलाच्या डोक्यावर एक परीक्षा ठेवण्याऐवजी एका भागातल्या शाळांतून काही विद्यार्थी निवडावेत, नमुन्यादाखल त्यांची तपासणी करावी आणि त्यावरून शाळेचे काम जोखावे, असा तिचा सल्ला होता. आज तो शब्दशः कामाचा आहे. शाळेचे गुण खरे की फुगवलेले, हे पाहायला सगळ्या मुलांची दुसरी परीक्षा घ्यायची गरज नाही. काही कॉलेजांतल्या उत्तरपत्रिका आणि प्रात्यक्षिकाच्या वह्या बाहेरच्या माणसाने उघडून पाहिल्या तरी पुरे. सेवाग्रामला डॉ. सुशीला नायर यांनी १९६९ मध्ये सुरू केलेल्या वैद्यकीय महाविद्यालयात नीट येईपर्यंत स्वतःची प्रवेश परीक्षा होती आणि तिच्यात गांधी विचारांचा स्वतंत्र पेपर होता. तीही परीक्षाच होती. पण आपल्याला कशा प्रकारचा विद्यार्थी हवा, हे ठरवायचा हक्क एखादी संस्था बजावू शकते, एवढे त्यातून दिसत होते. सरकारलाही आपल्या पैशाबाबत तो हक्क आहे.

दुसरी शंका डावपेचांची. शहरातली मुले नाव गावच्या कॉलेजात घालतील, बसतील नागपूरच्या क्लासमध्ये आणि गावचा पहिला क्रमांक घेऊन जातील. ही शंका खरी आहे, कारण हे आजही चालते. क्लास आणि कॉलेज यांचे ‘इंटिग्रेटेड’ साटेलोटे मोडायला सरकारने २०१८ मध्ये विज्ञान शाखेच्या ज्युनिअर कॉलेजांत बायोमेट्रिक हजेरीचा आदेश काढला होता. शिष्यवृत्तीसाठी विद्यार्थ्याने दहावीही त्याच तालुक्यातून केलेली असावी, अशी अट घातली तर अकरावीत नाव हलवून काही साधणार नाही. आणि समजा काही घरांनी खरोखरच आपली मुले आठवीपासून गावच्या शाळेत घातली, तर त्या शाळेला दोन जागरूक पालक मिळतील. हा तोटा मी आनंदाने सोसेन.

परीक्षा नको म्हटले की काही जण लगेच मुलाखत, निबंध, शिफारसपत्रे, समाजसेवेची प्रमाणपत्रे यांच्याकडे वळतात. अमेरिकी कॉलेजांत ते चालते. कृपा करून ते इथे आणू नका. मुलाखत आली की मंडळ आले, मंडळ आले की ओळख आली आणि शिफारसपत्र कुणाच्या लेटरहेडवर येईल हे सांगायला नको. सीईटीची एक गोष्ट मला मनापासून मान्य आहे : तिच्यात वशिला चालत नाही. म्हणूनच तिच्या जागी येणारी पद्धतही तितकीच कोरडी हवी. बोर्डाचा क्रम आणि उत्पन्नाचा दाखला, एवढ्या दोन कागदांवर यादी लागावी आणि ती कॉलेजच्या फलकावर सगळ्यांना वाचता यावी. उत्पन्नाची अट मात्र कडक हवी. अमेरिकेत जॉर्जिया राज्याने १९९३ मध्ये लॉटरीच्या पैशातून शाळेच्या गुणांवर ‘होप’ शिष्यवृत्ती सुरू केली. थोड्याच काळात उत्पन्नाची मर्यादा उठवली गेली आणि मोठा वाटा खात्यापित्या घरांकडे गेला. आठ लाखांच्या आत सगळे सारखे न धरता अडीच लाखांच्या आतले आधी, मग पाचच्या आतले, असा प्राधान्यक्रम लावता येतो.

सीईटीत ९९ च्या वर आणणाऱ्या मुलावर यात अन्याय होतो का? त्याचे कॉलेज जात नाही, शाखा जात नाही. घर खरोखर गरीब असेल तर तो आपल्या कॉलेजात पुढे असण्याची शक्यता मोठी आहे, म्हणजे त्याला शिष्यवृत्तीही मिळेल. जाते ते एकच : ज्याला गरज कमी आणि सराव जास्त, त्याचा सरकारी पैशावरचा पहिला हक्क.

आणि पैसा किती द्यायचा, हेही एकदा बोलू. टीएफडब्ल्यूएसमध्ये माफ होते ते फक्त शिक्षण शुल्क. खोली, मेस, पुस्तके आणि प्रवास हे राहतेच. अहिल्याबाई होळकर योजनेत मुलीला बारावीपर्यंत एसटीचा मोफत पास असतो. बारावी झाली की तो संपतो आणि नेमके तेव्हाच कॉलेज लांब जाते. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता आहे, पण त्याचा अर्ज वेगळा, कागद वेगळे, वाट पाहणे वेगळे. शिष्यवृत्ती द्यायचीच असेल तर शुल्क आणि निर्वाह एकाच मंजुरीत द्या आणि पैसे सत्र संपल्यावर नव्हे, सुरू होताना खात्यावर पडू द्या.

सुरुवात वर्धा जिल्ह्यापासून करता येईल. वर्धा, देवळी, सेलू, आर्वी, आष्टी, कारंजा, हिंगणघाट, समुद्रपूर हे आठ तालुके, मोजता येतील एवढी ज्युनिअर कॉलेजे आणि जवळच नागपूरचे विभागीय मंडळ, ज्याच्याकडे प्रत्येक कॉलेजचा निकाल आधीच संगणकात आहे. प्रत्येक ज्युनिअर कॉलेजच्या वरच्या पाच टक्क्यांतली, आणि लहान कॉलेज असेल तर किमान एक, अशी गरजू मुले घ्या. एका तुकडीची चार वर्षे पूर्ण होऊ द्या. ती मुले पास होतात की मागे पडतात, हे सीईटीवर फीमाफी मिळवलेल्या मुलांशी ताडून पाहा. मी चुकीचा निघालो तर योजना बंद करायला तुम्हाला कुणाची परवानगी लागणार नाही.

तोपर्यंत एक काम बिनखर्चाचे आहे. सीईटी कक्ष आणि महाडीबीटी यांच्याकडे गेल्या पाच वर्षांत टीएफडब्ल्यूएस जागा मिळालेल्या प्रत्येक विद्यार्थ्याचा जिल्हा, तालुका, दहावीचे माध्यम, उत्पन्न आणि परीक्षेचा कितवा प्रयत्न, यांतली बहुतेक माहिती पडून आहे. नावे वगळून ती तालुकावार जाहीर करा, आणि कॅपची पुढची फेरी सुरू होण्याआधी करा.

आपला,
वर्धा जिल्ह्यातील एक नागरिक